ओल्या भिंतीला लावलेला रंग

माझा दादा रंगारी. आमच्या गल्लीत त्याला सगळे 'अजून-एक-हात' म्हणतात, तेही अगदी तोंडावर. ठरलेले दोन हात मारून झाले, घरमालक खूश होऊन पाकीट काढायला लागला, की हा एक डोळा बारीक करून भिंतीकडे बघणार आणि म्हणणार, "अजून एक हात मारू या." त्या तिसऱ्या हाताचे पैसे मागायचे नाहीत. रंगही आपल्याच पदरचा. अशानं माणूस श्रीमंत होत नाही, हे मला कळतं, वहिनीला कळतं, त्याला तेवढं कळत नाही. पण तीस वर्षांत दादाचा रंग कुठं उडालाय हे कुणी दाखवून द्यावं, मी नाव बदलून घेईन.

त्याचा दुसरा हट्ट म्हणजे ओल्या भिंतीला ब्रश लावायचा नाही. एकदा एका डॉक्टरांनी नवा दवाखाना बांधला आणि याला बोलावलं. यानं भिंतीला पालथा हात लावला, डोळे मिटून जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ही आतून ओली आहे. तीन महिने थांबा."

"अहो, उद्घाटनाची तारीख ठरली. पत्रिका छापून झाल्या."

"मग पत्रिकांना लावतो रंग. भिंतीला नाही लावणार."

गेलं काम दुसऱ्याकडे. चार महिन्यांनी दवाखान्याच्या भिंतीला पुरळ उठल्यासारखे फोड आले आणि डॉक्टर स्वतः गाडी घेऊन दारात. मी असते तर दुप्पट पैसे लावले असते, वर चार शब्दही ऐकवले असते. दादा फक्त म्हणाला, "आधीचा खरवडावा लागेल, त्यामुळे थोडा वेळ जाईल."

हे मी आधीच सांगून ठेवते आहे, कारण पुढं जे झालं ते ऐकून लोक म्हणतात, रंगारी असून एवढंही कळलं नाही? त्याला कळत होतं हो. सगळं कळत होतं. न कळणारी मी होते.

माझा नवरा गेल्यापासून मी दादाकडेच राहते, मागच्या खोलीत. कामाला मी मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखात्यात. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. रक्ताचा डाग वेगळा, औषधाचा वेगळा, गंजाचा वेगळा, आणि प्रत्येकाचं औषध मला पाठ. डाग दिसला की माझे हात शिवशिवतात. दुसऱ्याच्या घरी गेले तरी टेबलावरचा कपाचा गोल डाग मी बोलता बोलता पदरानं पुसते. वहिनी एका स्टेशनरीच्या दुकानात हिशेब बघायची. त्यांची मुलगी परगावी नर्सिंग शिकते. आणि घर हे असं: पुढं एक खोली, मध्ये एक, स्वयंपाकघर, माझी खोली, वर गच्ची. बँकेचं कर्ज काढून घेतलेलं, वीस वर्षांचं, त्यातली अकरा झालेली. अकरा वर्षांत एक हप्ता चुकला नाही. विमासुद्धा होता. बँकेनंच करायला लावला होता आणि दर वर्षी न चुकता भरलेला होता. म्हणून तर नदी आली तेव्हा गच्चीवर बसून दादा वहिनीला म्हणाला, "घाबरू नकोस. विमा आहे."

तीन दिवस वादळ होतं. चौथ्या दिवशी सकाळी नदी गल्लीत शिरली आणि दुपारी घरात. आम्ही तिघं गच्चीवर, डोक्यावर एकच ताडपत्री. खाली कपाट आपटल्याचा आवाज यायचा, मग भांड्यांचा, मग नुसतं पाणी. दीड दिवस बसलो. खाली उतरलो तर घरभर चिखल, घोट्याच्या वर. आणि चारही खोल्यांच्या भिंतींवर, बरोबर माझ्या छातीच्या उंचीला, कुणीतरी दोरी धरून मारल्यासारखी तपकिरी रेघ. तिच्याखाली सगळं मातकट, वर आमच्या भिंती जशाच्या तशा.

ती रेघ मला सहन होईना.

मी खरं तेच सांगते. गाद्या गेल्या, कपाटं फुगली, फ्रीज उलटा पडला, दादाचा फोन चिखलात गेला, या सगळ्याचं मला जेवढं वाटलं नाही तेवढं त्या रेघेचं वाटलं. उठता बसता डोळ्यांत ती रेघ. गाद्या-कपाटं नगरपालिकेची गाडी घेऊन गेली. मी कामावरून रजा टाकली, बादली घेतली, ब्रश घेतला, सोडा घेतला आणि घासायला बसले. तीन दिवस घासलं. बाहेरची भिंत नळी लावून धुतली. हाताची सालं निघाली. वहिनी एकदा म्हणाली, "अगं, राहू दे ना. विम्याचा माणूस गुरुवारी येतोय, त्याला बघू दे कसं झालंय ते."

मी काय म्हणाले असेन? "घाण दाखवायची असते का आलेल्या माणसाला?"

वहिनी चिखल उपसायला गेली. तिचा स्वभावच तसा, एकदाच सांगणार. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं!

घासून घासून रेघ फिकी झाली, पण पूर्ण जाईना. मंगळवारी दादा भिंतीसमोर उभा होता. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी म्हटलं, "बघत काय उभा राहिलास? माळ्यावर तुझे उरलेले डबे आहेत ना? दोन हात मार."

"ओली आहे गं, छोटे." सेहेचाळीस वर्षांची झाले तरी मी छोटीच.

"पातळ मार. नंतर नीट कर."

"फुगेल."

"फुगू दे! गावभर लोकांची घरं चकाचक करत हिंडतोस, आणि परवा साहेब आपल्या दारात येणार तेव्हा त्यानं काय बघायचं? रंगाऱ्याचं घर आणि भिंतींना ही कळा? ह्यांना घराची किंमत नाही असं वाटेल त्याला. मग कोण देईल पैसे?"

माझं म्हणणं असं होतं, की नीटनेटकं घर दिसलं तर माणसं नीटनेटकी वाटतील, आणि नीटनेटक्या माणसांचे पैसे कोण बुडवेल. आमच्या धुलाईखात्यात तपासणी असते तेव्हा आम्ही आदल्या दिवशी फरशीसुद्धा घासतो. तपासणी म्हणजे काय, एवढंच मला माहीत.

दादानं भिंतीला पालथा हात लावला. डोळे मिटले. मग शिडी आणायला गेला. उरलेले सगळे डबे एकत्र करून त्यानं सायीच्या रंगाचा एक रंग तयार केला, आणि मंगळवार, बुधवार दोन दिवस तो ओल्या भिंतींना लावत राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा. बुधवारी संध्याकाळी तो ब्रश हातात घेऊन त्या स्वच्छ भिंतीसमोर उभा राहिला आणि मी माझ्या फोनवर त्याचा फोटो काढला. भाचीला पाठवला. खाली लिहिलं, 'बघ, आपलं घर परत आलं.' तिनं टाळ्या वाजवणारे हात पाठवले.

गुरुवारी सर्व्हेअर आला. तरुण, सभ्य, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून आला होता. आत आल्या आल्या म्हणाला, "वा, सगळ्या गल्लीत तुमचंच घर घरासारखं दिसतंय." मी फुगले अगदी. चहा टाकला.

"पाणी कुठपर्यंत होतं?"

दादानं छातीला हात लावला. "इथपर्यंत."

त्यानं भिंतीकडे बघितलं. मग दुसऱ्या भिंतीकडे. मग सगळ्या खोल्या फिरून आला. "रेघ कुठं आहे?"

"काढली," मी मोठ्या अभिमानानं म्हटलं. "तीन दिवस घासत होते, साहेब. मग दादानं रंग मारला."

तो हातातला टेप तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. 

"ताई," तो म्हणाला, "मला जे दिसतं ते लिहायचं असतं. पॉलिसीत आहे, पाणी आत दोन फुटांच्या वर चढलं असेल तरच भिंती, दारं, वायरिंग यांची भरपाई. त्याच्या खाली फक्त साफसफाईचा खर्च. फोटो आहेत?"

फोटो! दीड दिवस गच्चीवर, आठ दिवस चिखलात, आणि एकाही शहाण्याला फोटो काढायचं सुचलं नव्हतं. घाणीचे फोटो कोण काढतं? माझ्या फोनात पुरानंतरचा एकच फोटो होता, तो हसणाऱ्या दादाचा.

"समोर जाऊन बघा ना," वहिनी म्हणाली. "त्यांच्या भिंतीवर आहे रेघ."

"ते घर उतारावर आहे, वहिनी. प्रत्येक घराचं प्रत्येक घरात मोजायचं असतं." तो खरंच वाईट नव्हता. बाहेर जाऊन वाकून वाकून शोधत होता बिचारा. शेवटी त्याला दाराच्या चौकटीवर, उंबऱ्याच्या जरा वर, चिखलाची एक रेघ सापडली, तेवढीच माझ्या नळीतून सुटलेली. त्यानं टेप लावला. नऊ इंच. तेवढं लिहून तो गेला. चहा तसाच राहिला.

साफसफाईचे पैसे आले. त्यात माझा सोडा आणि ब्रश सुटला असेल.

आम्ही तक्रार केली. दोनदा केली. कंपनीनं पुरावा मागितला. मी त्यांना सांगितलं, तीन दिवस मी स्वतः घासली ती रेघ, माझ्या छातीला विचारा! पलीकडच्या बाईंनी फोन ठेवून दिला. मीही ठेवला असता.

इकडे वहिनीचं दुकान बुडालं ते उघडलंच नाही. दादाकडे मात्र रांग लागली, कारण गावातल्या सगळ्याच भिंती खराब झालेल्या. तुम्ही म्हणाल, चला, सोन्याचे दिवस आले. कसले! रोज सकाळी कुणीतरी यायचं, हा त्यांच्याबरोबर जायचा, भिंतीला हात लावायचा आणि परत यायचा. "ओली आहे म्हटलं. सहा महिने थांबा म्हटलं."

"अरे, हप्ता कुठून भरायचा?" मी ओरडायचे. "त्यांना हवाय ना रंग? लाव! त्यांची भिंत फुगेल, आपलं काय जातंय?"

"नाव जाईल," तो म्हणायचा.

एकदाही म्हणाला नाही, की तुझं ऐकून एकदा लावला ना, काय झालं ते बघ. म्हणायला हवं होतं त्यानं. मी वाट बघत असायचे. जेवताना, भांडी घासताना, शेजारी बसून मंडईतून आणलेली भाजी निवडताना. तो म्हणाला असता तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तो भाजी निवडत राहायचा.

बँकेनं तीन महिने सवलत दिली. मॅनेजर बाई चांगल्या होत्या, पण चांगुलपणाला मुदत असते, ती संपली. मग एक पत्र आलं, मग दुसरं, मग लाल शिक्क्याचं. वहिनीनं बांगड्या विकल्या आणि दोन हप्ते भरले. माझ्या पगारातून एक भरला. चौथ्याला आमचे हात टेकले. दादा खुर्चीवर बसून पत्र वाचायचा, घडी घालायचा, परत उघडून वाचायचा. जणू मधल्या वेळात अक्षरं बदलतील.

आणि मग एका रविवारी सकाळी पलंगामागं पहिला फोड आला.

दादाला तो आधी दिसला. त्यानं अंगठ्यानं दाबला, रंगाचा पापुद्रा तुटला आणि आतून तपकिरी डाग दिसला, कोऱ्या चहासारखा. त्याच्या शेजारी दुसरा. मंगळवारपर्यंत अख्ख्या भिंतीवर, आणि आठवडाभरात चारही खोल्यांत, बरोबर माझ्या छातीच्या उंचीला, रेघ उभी होती. कुणीतरी दोरी धरून मारल्यासारखी.

मी नाचायची बाकी राहिले! तुम्हाला सांगते, नवऱ्याच्या जाण्यानंतर मी इतकी आनंदानं कधी रडले नव्हते. "दादा, आली! रेघ आली!" मी पन्नास फोटो काढले. टेप लावून काढले, वर्तमानपत्र शेजारी धरून काढले, तारीख दिसेल असे काढले. आता शहाणी झाले होते ना. कामावर न जाता थेट विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवर एक मुलगी होती. मी तिच्यापुढं फोन धरला आणि म्हटलं, "हे घ्या. पाणी किती होतं ते भिंतच सांगते आहे."

तिनं फोटो पाहिले. खरंच एक एक करून पाहिले. मग स्क्रीनवर आमची फाईल उघडली. "काकू, फेरतपासणीची मुदत नव्वद दिवसांची असते. तुमचे दोनशे सव्वीस झालेत."

"अगं पण भिंतीला कुठं माहीत मुदत? ती आत्ता वाळायला लागली!"

"खरंय," ती म्हणाली. "पण सिस्टीम घेतच नाही."

मी काय केलं असेल? मी तिच्या पाया पडले. हो, पडले. मला आजही त्याची लाज वाटत नाही. ती खुर्चीतून उठून बाहेर आली, मला धरून बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. सिस्टीमनं काही घेतलं नाही.

पुढचे तीन हप्तेही चुकले, आणि बँकेचा माणूस आला, लिलावाआधी घराची किंमत ठरवायला. त्यानं दारातूनच भिंत बघितली. टेप काढला. "चार फूट दोन इंच," तो म्हणाला आणि लिहिलं. "पूरग्रस्त. ओल. किंमत बरीच कमी येईल."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "म्हणजे पैसे द्यायच्या वेळी नऊ इंच, आणि कमी करायच्या वेळी चार फूट दोन इंच? एकाच घराच्या दोन कागदांवर दोन पाणी?"

"बाई, ते विम्याचं. मी बँकेचा."

"ते मला दिसतंय!"

दादा मध्ये पडला. मला वाटलं मला गप्प करतोय. पण तो त्या माणसाला अगदी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तेवढा आकडा एका कागदावर लिहून द्याल? सही करून? नुसता आकडा." त्या माणसाला कळेना कशाला. त्यानं वहीचं पान फाडून लिहून दिलं. दादानं त्याची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. त्याचा कुठंच उपयोग नव्हता. त्याला फक्त कुणीतरी खरं लिहिलेलं हवं होतं.

घर गेलं. इतकं स्वस्त गेलं, की कर्ज फिटून वर काही उरणं राहू द्या, कर्जच थोडं उरलं. आता आम्ही दोन भाड्याच्या खोल्यांत राहतो आणि नसलेल्या घराचे हप्ते भरतो. वहिनी बोलते, पण कामापुरतं. मुलीचं शिक्षण चालू आहे, तेवढ्यापुरतं दादानं कुणाचं ऐकलं नाही.

घर घेणारा एक टॅक्सीवाला आहे. माणूस साधा. त्यानं गल्लीत विचारलं, इथं चांगला रंगारी कोण? सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा तो इतका ओशाळला, की दादानंच त्याची समजूत काढली. "काम आहे हो. कुणीतरी करणारच. मी नीट करीन."

मी म्हटलं, मीही येते मदतीला. एकट्याला कशी जाऊ देणार?

आमच्याच कड्या, आमचंच दार. आत त्या टॅक्सीवाल्याची बायको खोल्या झाडत होती. नवं घर मिळाल्याचं तेज होतं तिच्या तोंडावर. दादानं पुढच्या खोलीच्या भिंतीला पालथा हात लावला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा राहिला.

"अजून ओली आहे," तो म्हणाला. "आज आम्ही आधीचा रंग खरवडून देतो. मग तीन महिने हिला श्वास घेऊ द्या. मग या मला बोलवायला."

"तीन महिने?" टॅक्सीवाला हसला. "अहो, आमच्या हिला कोण सांगणार? ती म्हणते, पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार, निदान एक पातळ हात तरी मारा."

"घरातलं कुणी घाई करत असेल तर ऐकू नका," दादा म्हणाला. भिंतीवरचा हात त्यानं काढला नव्हता. आवाज नेहमीचाच, जरासुद्धा वर गेला नाही. "मी ऐकलं होतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. इतके महिने मी ज्याची वाट बघत होते ते एकदाचं बोलला, आणि तेही परक्या माणसाला, रंगाचा सल्ला देताना. मला भांडता आलं नाही. रडताही आलं नाही, कारण ती बाई झाडू घेऊन माझ्याशेजारीच उभी होती आणि म्हणत होती, "बरं बाई, थांबू तीन महिने, तुमचे भाऊ म्हणतायत तर."

दादानं मला पत्र्याची पट्टी दिली, स्वतः एक घेतली. मी पदर खोचला आणि छातीच्या उंचीवर खरवडायला लागले. पहिल्या वेळी रेघ काढायला मला तीन दिवस लागले होते. या वेळी आम्ही दोघं होतो, दुपारच्या चहापर्यंत चारही खोल्या झाल्या.